बघितलेलं माणूस

नाटकाच्या कॉलेजात प्रवेश घ्यायचा तर नुसते मार्क दाखवून भागत नाही. तिथे करून दाखवावं लागतं. आणि भिंगरीनं जिथे अर्ज केला होता, त्या कॉलेजची तर आणखी एक तऱ्हा होती. पाठ केलेला उतारा म्हणून झाला की परीक्षक म्हणायचे, आता बघितलेलं माणूस दाखवा. म्हणजे नाटकातलं नाही, सिनेमातलं नाही. आपल्या ओळखीचं, हाडामांसाचं, डोळ्यांसमोर वावरणारं एक माणूस निवडायचं, मन लावून त्याच्याकडे बघायचं आणि परीक्षकांपुढे पाच मिनिटं ते माणूस होऊन दाखवायचं. भिंगरीनं मोठ्या आईला निवडलं होतं.

मोठी आई म्हणजे तिच्या थोरल्या काकांची बायको, भिंगरीच्या आईची जाऊ. दोन्ही घरं एकाच मजल्यावर, दारं समोरासमोर, आणि दिवसभर उघडी. या जाऊबाई लोकांना गाडी चालवायला शिकवायच्या. शिकाऊ माणसांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती, आणि त्यात त्यांचा उजवा पाय असा काही तयार झाला होता की सोफ्यावर बसून गप्पा मारताना समोरचा जरा भरधाव बोलायला लागला की पाय आपोआप जमिनीवर करकचून ब्रेक दाबायचा. "आरसा बघ, आरसा!" हे त्या कांदा चिरणाऱ्यालासुद्धा सांगायच्या. पुढच्या दोन दातांमध्ये फट, आणि हसल्या की तळमजल्यापर्यंत कळायचं. अशा बाईची नक्कल करायला कसलं आलंय कॉलेज, ती कुणीही करेल, असं भिंगरीच्या आईचं ठाम मत होतं. फक्त ते तिनं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

परीक्षा देऊन आली त्या संध्याकाळी भिंगरीनं स्वयंपाकघरात सगळं परत करून दाखवलं. स्टुलावर बसली आणि शेजारी नसलेल्या शिकाऊला शिकवायला लागली. आधी गोड आवाजात, मग घाबरून, मग घाबरलेय हे लपवत. शेवटी गाडी एकदाची सरळ उभी राहते तेव्हा मोठी आई स्वतःच्याच गुडघ्यावर थोपटते, ते तिनं असं केलं की बाबांच्या डोळ्यांतून हसता हसता पाणी आलं. मग समोरच्या घरात जाऊबाईंना हाक गेली. त्यांनी स्वतःला पाहिलं, तोंडावर हात दाबला आणि म्हणाल्या, "अगं बाई, मी अशी दिसते? पुन्हा कर, पुन्हा कर!" भिंगरीनं पुन्हा केलं. परीक्षकांमधले एक तर म्हणे खुर्चीतून पुढे सरकून बघत होते.

भिंगरीच्या आईनंही टाळ्या वाजवल्या. लोकांच्या मुलांना बक्षीस मिळतं तेव्हा आपण वाजवतो तशा. आवाज यावा, पण हात दुखू नयेत.

तिच्या पोटात दुखत होतं. सरळ सांगायचं तर ती जळत होती. मुलीची निवड व्हावी म्हणून तिचा जीव वरखाली होत होता हे अगदी खरं, पण त्या काळजीच्या खाली दुसरंच काहीतरी धुमसत होतं, आणि ते विझायचं नाव घेत नव्हतं. परीक्षेच्या आधी कितीतरी दिवस भिंगरी रोज समोरच्या घरात जाऊन बसायची. हनुवटी तळहातावर, डोळे जाऊबाईंवर खिळलेले, पापणीसुद्धा लवत नाही अशी. पोटची पोर दुसऱ्या बाईकडे असं बघते, आणि घरी आली की फ्रिजमध्ये डोकं घालून विचारते, "दूध कुठाय?" आईकडे मान वळवायचीही गरज नाही. दूध कुठाय ते आई सांगतेच.

आणि 'मोठी आई' या शब्दाचं तिला आजवर कधी काही वाटलं नव्हतं. आता वाटायला लागलं. ती मोठी, तर मग मी कोण?

कॉलेजनं सांगितलं होतं की निकाल ईमेलवर येईल, महिनाअखेरपर्यंत केव्हाही. 'केव्हाही' हा शब्द ज्यानं काढला त्याच्या घरी नक्कीच मुलं नसणार. भिंगरीचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे, आणि काळजी लागली की त्यांचे हात वळवळायचे. त्यांनी आधी मिक्सर उघडला, मग दाराची घंटा, मग पंखा. चालू असलेली वस्तूसुद्धा त्यांच्या तावडीतून सुटेना. घंटा उघडली आणि जोडली तेव्हापासून ती वाजायची बंद झाली. "सगळं नीट आहे, फक्त आवाज येत नाही," असं ते म्हणाले आणि त्यांनी इस्त्री हातात घेतली. थंडीत एका दुसऱ्या कॉलेजनं भिंगरीला पहिल्याच फेरीत नकार कळवला होता. तिथेही असंच काहीतरी करून दाखवायचं होतं. तेव्हा भिंगरी आठवडाभर कुणाशी धड बोलली नव्हती, आणि भिंगरीच्या आईनं त्या कॉलेजला मनातल्या मनात अशा शिव्या दिल्या होत्या की त्यांच्या रंगमंचाच्या फळ्या निखळाव्यात. म्हणून या वेळी आईबाबा दोघंही धास्तावले होते. दुसरं 'नाही' आलं तर पोरगी नाटकाचं नावच टाकेल, असं बाबांना वाटत होतं. तिनं तसं बोलूनही दाखवलं होतं.

जाऊबाई मात्र खुशीत होत्या. गाडी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या, "माझ्यावर पुतणीचं सिलेक्शन व्हायचंय. जरा नीट चालव, मी आता महत्त्वाचं माणूस आहे." रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन इकडच्या दारात यायच्या.

"आलं का काही?"

"नाही हो ताई, अजून नाही."

"येईल गं. मी एवढी वाईट नाहीये, मला नापास करायला!" आणि हसणं तळमजल्यापर्यंत.

भिंगरीच्या आईला यावर हसावं लागायचं. मग त्या गेल्या की ती गॅसची शेगडी घासायला घ्यायची.

ती कवळ्या बनवायची. दातांच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यामागे छोटी खोली होती, तिथे दिव्यावर गुलाबी मेण मऊ करायचं, त्यात एकेक दात बसवायचा, वाकडा वाटला तर काढायचा, परत बसवायचा. लोकांचं हसू तिच्या हातून जायचं, पण ते हसताना तिला कधी बघायला मिळायचं नाही. तेही आजवर तिच्या मनात आलं नव्हतं. या महिन्यात नको ते सगळं मनात यायला लागलं.

एका दुपारी डॉक्टर मेणातली कवळी घेऊन आत आले. कवळी पक्की करायच्या आधी पेशंटच्या तोंडात बसवून बघतात, ती.

"बाई, या आजींच्या पुढच्या दातांत फट कशी आली?"

तिनं बघितलं. दोन दातांमध्ये चांगली ठसठशीत फट होती.

"आजी म्हणतात, मला जन्मात कधी फट नव्हती. आरशात बघून घाबरल्या त्या."

तिनं कवळी घेतली आणि मेण पुन्हा दिव्यावर धरलं. जाऊबाई आता तिच्या बोटांतही शिरल्या होत्या. एका परक्या म्हातारीच्या तोंडात बसून हसायला निघाल्या होत्या.

त्याच दिवशी तिनं फोनवर कॉलेजची माहिती नव्यानं वाचली. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की वेटिंग लिस्टवरच्या मुलांना पुन्हा बोलावलं जाईल, आणि त्यांना बघितलेलं माणूस नवीन दाखवावं लागेल. आधीचं चालणार नाही.

आधीचं चालणार नाही. ही ओळ तिनं परत परत वाचली. वेटिंग लागलं तर जाऊबाई बाद. मग भिंगरीला दुसरं कुणीतरी शोधावं लागेल. घरातलं, जवळचं. तिच्या मनात एक इच्छा डोकावली आणि तिनं ती झटकून टाकली. पण झटकल्यानं ती काही गेली नाही. आईनं मुलीसाठी वेटिंग मागावं? सरळ निवड होण्याची शक्यता असताना? देवापुढे उभी राहायची वेळ आली असती तर तिला तोंड उघडता आलं नसतं. तरी तिला ते हवं होतं.

मग तिनं तयारी सुरू केली. आपल्यात बघण्यासारखं काय आहे, याचा तिनं विचार केला तेव्हा हाताला काहीच लागेना. पाय ब्रेक दाबत नाही, दातांत फट नाही, हसू दारापर्यंतही पोचत नाही. तेव्हा नसेल ते आणायचं, असं तिनं ठरवलं. चालताना डावा हात कमरेवर ठेवायला लागली. बोलायच्या आधी भुवई चढवायला लागली. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी "असो! आपल्याला काय!" म्हणायचं, हेही तिनं पक्कं केलं. भिंगरी खोलीत असली की हे सगळं जरा जास्त. नसली की कमरेवरचा हात आपोआप खाली यायचा.

"कंबर धरलीय का तुझी?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"मग हात का असा?"

"असाच. असो! आपल्याला काय!"

बाबा इस्त्रीचा स्क्रू तोंडात धरून तिच्याकडे बघत राहिले.

भिंगरी तेवढीही बघत नव्हती. ती फोनकडे बघायची, खिडकीबाहेर बघायची, भिंतीकडे बघायची. शेवटी एकदा जेवताना म्हणाली, "आई, तू हल्ली अशी विचित्र का वागतेस? माझ्या निकालाचं टेन्शन घेतलंयस का? घेऊ नको ना, मला आणखी टेन्शन येतं." आणि ताट उचलून गेली. नको त्या वेळी आईची भुवई चढलेलीच राहिली.

निकाल रविवारी दुपारी आला. चौघंही स्वयंपाकघरात होती. जाऊबाई साखर मागायला आल्या होत्या आणि साखर घेऊन बसल्याच होत्या. भिंगरीचा फोन टेबलावर थरथरला. तिनं उचलला, वाचला, तिचा चेहरा पडला, आणि तिनं फोन बाबांपुढे धरला. बाबांनी मोठ्यानं वाचलं. नाव वेटिंग लिस्टवर आहे. पुढच्या रविवारी पुन्हा यावं. पाठ केलेला उतारा चालेल, बघितलेलं माणूस नवीन हवं.

"म्हणजे 'नाही' नाहीये," बाबा घाईघाईनं म्हणाले. "हे 'नाही' नाहीये, भिंगरे. अजून एक संधी आहे."

"माझ्यात काहीतरी कमी पडलं असणार," जाऊबाई म्हणाल्या, आणि खरोखरच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "परत घेता येणार नाही का मला? थोडी सुधारून?"

"नाही चालत, मोठी आई." भिंगरीनं कपाळ टेबलावर टेकवलं. "आणि एका आठवड्यात मी नवीन कुणाला बघू? नाही जमणार मला. सोडून देते मी."

"मला घे," भिंगरीची आई म्हणाली.

तिच्या मनात होतं त्यापेक्षा ते मोठ्यानं आलं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. भिंगरीनं डोकं वर उचललं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते आईला समजेना. ते आश्चर्य नव्हतं. कुणाचं तरी काहीतरी फुटलंय आणि ते आपल्याच हातून फुटलंय, अशा वेळी माणूस दिसतं तशी ती दिसत होती.

"आई," ती म्हणाली, "तुला घेतलं होतं."

"कधी?"

"थंडीत. त्या दुसऱ्या कॉलेजला."

पातेल्यातला चहा उतू गेला आणि बाबांनी गॅस बंद केला.

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? त्यांनी मध्येच थांबवलं मला. म्हणाले, निरीक्षण चांगलं आहे, पण या बाईला काय हवंय ते कळत नाही. काही हवंच नसलेलं माणूस कुणी पाच मिनिटं का बघावं?" भिंगरीचा आवाज चिरकला. "तुला कसं सांगणार होते मी हे?"

रंगमंचाच्या फळ्या निखळाव्यात म्हणून आपण ज्यांना शिव्या दिल्या, ते आपल्यालाच नापास करून बसले होते तर. भिंगरीच्या आईनं खुर्ची ओढली आणि बसली.

"दाखव," ती म्हणाली.

"नको ना, आई."

"दाखव म्हणते ना."

भिंगरी टेबलापाशी बसली. नसलेल्या दिव्यावर मेण धरलं, नसलेला दात चिमटीत घेतला, डोळे बारीक करून बसवला, किंचित फुंकर मारली. कुणीतरी आत आल्यासारखं झालं तेव्हा वर न बघता म्हणाली, "जेवलीस का? घरी झाकून ठेवलंय." पुन्हा दात, पुन्हा फुंकर. हुबेहूब होतं. खांदा जरा उतरलेला, अंगठ्यानं मेण दाबायची रीत, सगळं. आणि भिंगरीच्या आईला स्वतःचाच कंटाळा आला. ही बाई अशी बसली आहे, आणि उद्याही अशीच बसेल. परीक्षकांचं काही चुकलं नव्हतं.

"खोटं आहे हे," जाऊबाई म्हणाल्या.

"काय खोटं, वहिनी?" बाबा म्हणाले. "तंतोतंत आहे!"

"वरवर तंतोतंत. पण म्हणे हिला काही हवंच नाही!" जाऊबाईंनी साखरेची वाटी खाली ठेवली. "मला विचारायचं ना त्यांनी. मी नवी गाडी घेतली तेव्हा हिनं माझं अभिनंदन केलं, आणि घरातले सगळे पडदे धुवायला काढले. माझा मुलगा परदेशी गेला, तेव्हा हिनं ओव्हन आतून खरवडला. या महिन्यात ती शेगडी बघ. तोंड दिसेल तीत. या घरात जेवढं काही लखलखतंय ना, ते सगळं माझं बरं झालं म्हणून लखलखतंय."

"वहिनी!" बाबा म्हणाले.

"मी रागानं बोलत नाहीये. मला आवडते ती. मी काय कुणावर जळत नाही? पण माझं ताबडतोब पायात उतरतं, सगळ्यांना दिसतं. हिचं हातात उतरतं, आणि हिच्या हातांकडे कुणी बघतच नाही. भिंगरे, तू तरी बघितलंस का?"

भिंगरीची आई मान खाली घालून बसली होती. 'काहीतरीच काय ताई' असं म्हणायची ही वेळ होती. शब्द तोंडाशी आलेही होते. ते म्हटलं असतं तर सगळे हसले असते, चहा झाला असता, जाऊबाई साखर घेऊन गेल्या असत्या. आणि पुढच्या रविवारी भिंगरी परीक्षेला गेली नसती. किंवा गेली असती आणि पुन्हा तीच कंटाळवाणी बाई दाखवून परत आली असती.

"आई, खरंय हे?" भिंगरीनं विचारलं.

"अर्धं," ती म्हणाली. "ताईंना अर्धंच माहितीय."

"म्हणजे?"

"मला ताईंची गाडी नको होती. तू रोज समोर जाऊन यांच्याकडे बघत बसायचीस, ते मला हवं होतं. माझ्याकडे कधी बघितलं नाहीस तसं. थंडीत बघितलंस म्हणतेस, पण मला ते कळलंही नाही. तेव्हा मला वाटलं, तुला वेटिंग लागावं. म्हणजे ताई बाद होतील आणि तू माझ्याकडे वळशील. इतके दिवस मी तेच मागत होते. आणि आज लागलं तेव्हा मला बरं वाटलं."

"अगं, काय बोलतेस तू!" बाबा उभे राहिले. "पोरीसमोर काय बोलतेस!"

"खरं तेच बोलते."

भिंगरीचे डोळे भरून आले. आता ही ताडकन उठून जाणार, दार आपटणार, आणि पुढे कित्येक दिवस बोलणार नाही, असं तिच्या आईला स्पष्ट दिसलं. तिनं ते सोसायची तयारीही केली. भिंगरी उठलीच. पण दाराकडे गेली नाही. बाहीनं डोळे पुसले, स्टूल उचललं, टेबलाला वळसा घालून अगदी आईच्या समोर ठेवलं आणि बसली. हनुवटी तळहातावर. तिची नजर आईच्या चेहऱ्यावरून खाली आली. आईची बोटं टेबलाच्या कडेवरून एकच जागा पुसत होती, जोरजोरात, जिथे डाग नव्हता तिथे.

आपल्या हातांचं हे चाललंय, हे भिंगरीच्या आईला तेव्हा कळलं. तिनं हात मांडीवर घेतले.

"थांबवू नको," भिंगरी म्हणाली.

तिनं हात पुन्हा टेबलावर ठेवले. पोरीच्या नजरेत तिनं राग शोधला, माया शोधली. दोन्ही असतील कुठेतरी, पण आत्ता तिथे फक्त बघणं होतं. इतकं जवळून तिच्याकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं. उठून जावं, निदान तोंड तरी फिरवावं, असं तिला वाटत होतं, आणि ती बसून राहिली.

"आता सांग," भिंगरी म्हणाली. "बरं कधी वाटलं? बाबांनी वाचलं तेव्हा?"

"आधीच," आई म्हणाली. "तुझा चेहरा पडला ना, तेव्हा."

भिंगरीनं मान हलवली आणि ती बघत राहिली.